पट्टा कापलेला चष्मा

"पट्टा आत नेता येणार नाही," फाटकावरचा शिपाई तुरुंगाच्या हिशेबनिसाला म्हणाला.

कैद्यांना नोकरीच्या मुलाखतीची सवय व्हावी म्हणून डोक्याला पट्ट्याने बांधायचा, आभासी दृश्य दाखवणारा एक जाडजूड चष्मा आणला होता. तो चढवला की समोर टेबल दिसायचं, टेबलामागे साहेब दिसायचा, आणि साहेब खणखणीत आवाजात प्रश्न विचारायचा. कल्पना हिशेबनिसाची, खर्चाचा अंदाजही त्याचाच. "मंजुरीवर एक पै चढली तर दुसरी नोकरी बघा," असं अधीक्षकांनी हसत हसत बजावलं होतं. अधीक्षक हसले की खरं बोलतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो, पट्ट्याशिवाय तो डोक्यावर राहील कसा?"

"ते मला काय विचारता? दोरी, नाडी, पट्टा, आत काही चालत नाही."

पट्टा कापला. चष्मा घसरून नाकावर आला. तो धरायला एक शिपाई लावला, त्याचा जादा भत्ता खर्चात पडला. लगेच जेलर कडाडले, "दोन्ही हात गुंतलेला माणूस पहारा काय देणार, कपाळ?" म्हणून दुसरा शिपाई आला. हे दोघे मुलाखतीच्या वर्गात अडकल्यावर फाटक उघडं पडलं, तिथे तिसरा आला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! हिशेबनिसाला बसवेना, उभं राहवेना. तो नुसता येरझाऱ्या घालत होता.

आत किल्लीवाला नावाचा कैदी मुलाखत देत होता. कुलपं उघडण्यात त्याचा हातखंडा, म्हणूनच तो आत आला होता.

"तुम्हाला काय चांगलं जमतं?" चष्म्यातल्या साहेबाने विचारलं.

"कुठलंही दार, साहेब. आवाज न करता."

साहेबाने त्याला नापास केलं.

संध्याकाळी खर्चाचा आकडा अधीक्षकांसमोर गेला. अधीक्षक मनापासून हसले. तिन्ही शिपाई परत गेले, वर्ग बंद झाला.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला झाडू मारायला त्या खोलीत शिरला, तर खुर्चीत हिशेबनीस. दोन्ही हातांनी चष्मा डोळ्यांवर धरून तो वाकून बसला होता. किल्लीवाल्याने झाडू ठेवला. "सोडा दादा, मी धरतो. तुम्ही ताठ बसा."

"आधीच्या ठिकाणी किती वर्षं होतात?" साहेबाने विचारलं.

"बावीस," हिशेबनीस म्हणाला.

"अरेरे," किल्लीवाला कळवळला. "माझी तर चोरी शाबीत झाली होती, तरी तीनच मिळाली."