भांग पाडलेलं पोळं

"अहो, धावा! माझे केस मधात पडले!"

मधपाळ धावत आला. मध नीट गाळलाय का ते बघायला बायको बादलीवर वाकली होती आणि तिचा नवाकोरा केसांचा टोप सरळ आत गेला होता. औषधांनी डोक्यावरचा केस न् केस नेलेला. टोपाला धरून राहायला होतं काय? लेक दुपारी यायची होती. तिला सातवा महिना. बाळ हातात येईपर्यंत आईचं दुखणं तिला कळू द्यायचं नाही, अशी शपथ बायकोनं नवऱ्याला घातली होती. या गृहस्थाच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण बिचारा कित्येक महिने गप्प होता.

"पाण्यानं धुते," ती म्हणाली.

"अगं, वाळणार कधी? माश्यांना देऊ. मध काढलेलं पोळं त्या कसं लख्ख चाटून देतात!"

"माझे केस माश्यांपुढे?"

"तासाभराचं काम!"

माणूस एकदा हुशार झाला की त्याला कोण अडवणार? त्यानं टोप माश्यांच्या पेटीवर ठेवला. आधी चार-दोन माश्या आल्या, त्यांनी घरी जाऊन सांगितलं, मग सगळं गाव लोटलं. टोप दिसेनासा झाला. काहींच्या अंगावरची लव मधानं चिकटली आणि त्या बटांत अडकून ओरडू लागल्या. मधपाळ तोंडावर जाळी ओढून, पीस घेऊन त्यांना सोडवत बसला. एकीला सोडवावं, तर दोघी अडकत.

बायको खिडकीतून बघत होती. "त्यांच्यासुद्धा अंगावर माझ्याहून जास्त केस आहेत हो," ती म्हणाली.

त्याला हसू आलं आणि लगेच रडू आलं. जाळीच्या आत डोळे पुसता येत नाहीत, ही मोठीच गैरसोय.

तेवढ्यात फाटक वाजलं. लेक लवकरची गाडी पकडून आली होती. आईनं घाईघाईनं डोक्याला पंचा गुंडाळला.

"आत्ताच न्हाले गं!"

"आणि बाबा काय करतायत?"

"ते? नवीन पोळं बसलंय."

लेकीनं पोळ्याकडे नीट पाहिलं. पोळ्याला भांग होता.

ती हळूच खुर्चीत बसली. "आई, पंचा काढ. उकडत असेल तुला."

"मी काही बोललो नाही!" मधपाळ अंगणातूनच ओरडला. "तुझ्या आईची शपथ!"

"तुम्ही नाही बोललात, बाबा. मधाच्या बाटल्यांनी सांगितलं. तुम्ही पाठवलेली एकेक बाटली हाताला चिकटत होती. आईनं पुसलेली बाटली कधी चिकटते का? पहिलीलाच रडले मी. म्हटलं, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल."

आईनं पंचा काढला. लेकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पोटातल्या बाळाला मध्ये घेऊन दोघी पोटभर रडल्या.

"एक काम सांगितलं होतं या माणसाला," नाक पुसत आई म्हणाली.

"पुसल्या होत्या गं सगळ्या," मधपाळ दारातून म्हणाला.

"कोरड्या फडक्यानं ना?"

तो पुन्हा माश्या सोडवायला पळाला.

संध्याकाळी टोप लख्ख निघाला, केस न् केस सुटा. मधपाळानं तो मोठ्या ऐटीत आणून ठेवला, पण कुणी बघितलंही नाही. बायको ओलं फडकं घेऊन बसली होती.

"या इकडे. आधी झाकण, मग मान, मग बूड. शिकून घ्या. पुढे तुम्हालाच पाठवायच्यात."

त्यानं पुसली. बाटली स्वच्छ झालेली त्याला स्वतःलाच कळली. तिची पाठ वळल्यावर त्यानं मधाचं बोट बाटलीला पुसलं.

"नाही जमत बुवा मला," असं म्हणून त्यानं ती पुन्हा तिच्या हातात दिली. "तूच पूस."