लगतदारांना कळवलं का?

आळेफाट्याच्या परिसरात कुणाला अख्खा डोंगर उडवणारं हत्यार हवं असेल, तर त्याला आधी डुंबरेअण्णांकडे अर्ज करावा लागतो. अर्ज दोन प्रतींत, सोबत हत्यार ठेवायच्या जागेचा सातबारा. तो जोडला नसेल तर अण्णा चष्मा कपाळावर ढकलतात आणि शांतपणे विचारतात, "आणाल खरं, पन ठेवणार कुठं?"

घाबरू नका, हा सगळा खेळ आहे. दर रविवारी दुपारी तीन वाजता अण्णांच्या ओसरीवर आम्ही तिघं जमतो. मी, फाट्यावरचा औषधांचा दुकानदार. राजू, त्याचं नाशिक रस्त्याला ट्रकचं गॅरेज आहे. आणि कांतिशेठ, ज्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं कापडाचं दुकान टाकलं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि पुढं काय होणार हे अडलं की वीस तोंडांचा फासा टाकायचा, एवढाच खेळ. गोष्ट सांगणारे अर्थात अण्णा. मी तिच्यात हेलिकॉप्टर चालवतो. राजू कमांडो आहे. कांतिशेठ एरवी मुंगी बघून पाऊल टाकतात, पण खेळात ते सुरुंगतज्ज्ञ आहेत आणि सुरुंग लावायची वेळ आली की त्यांचा चेहरा सणासारखा उजळतो.

अण्णांनी चौतीस वर्षं सरकारी मोजणी केली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतला असा बांध नसेल ज्यावर ते उभे राहिले नाहीत. अजूनही एसटीतून पेठ गावाकडे जाताना ते खिडकीतून बोट दाखवून सांगतात, की ही बाभळ या भावाची समजतात, पण आहे त्या भावाच्या हद्दीत. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या पत्नी सुमनकाकू गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि मोजायला काही उरलं नाही. वरच्या खोलीत रस्त्याच्या कामावरचा एक इंजिनिअर भाड्यानं राहायचा. त्याची बदली झाली आणि जाताना तो या खेळाचा खोका विसरून गेला. अण्णांनी आतलं इंग्रजी नियमांचं पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून, लाल पेन्सिलीनं खुणा करत, सरकारी परिपत्रक वाचावं तसं वाचून काढलं.

मग एके दिवशी ते पुस्तक घेऊन माझ्या दुकानात आले. मला ते 'मेडिकल' म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, खात्री नाही.

"मेडिकल, ह्ये बघा. शहर बेचिराख करणारं हत्यार खेळाडूच्या हाती लागलं तर काय करायचं, त्येच्यावर अर्धं पान! अर्धं! आमी नुसता बांध कोरला तरी चार पानं लिवत व्हतो."

एवढं बोलून ते घरी गेले आणि त्यांनी चौदा पानांची पुरवणी लिहून काढली. ती मी कुतूहलानं दोनदा वाचली आहे. तिचं पहिलं कलम मला फार आवडतं: खेळाडूने कितीही मोठे हत्यार मागितले तरी नाही म्हणू नये. नाही म्हणायचंच नाही. फक्त जागा कुठली, पहारा कुणाचा, वाहतूक कशातून, पहारेकऱ्यांच्या भाकरी कोण भाजणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लगतदारांना कळवलं का, एवढंच विचारायचं. लगतदार म्हणजे शेजारच्या जमिनीवाले. त्यांना नोटीस गेल्याशिवाय मोजणीची साखळी पिशवीतून बाहेर काढायची नाही, हा अण्णांचा जन्मभराचा धर्म. क्षेपणास्त्रानं तो का मोडावा?

राजूला हत्यारच हवं होतं. गोष्टीत मेजर करवत नावाच्या गुंडाच्या टोळीनं धरण बळकावून खालचं पाणी तोडलं होतं, आणि राजूच्या मते त्यावर इलाज एकच. नाणेघाटाच्या पोटात लष्करानं सोडून दिलेलं 'डोंगरफोड्या' नावाचं क्षेपणास्त्र आहे, असा सुगावा त्याला लागला. ते त्यानं एका रविवारात पळवलं. ते घाटातून फाट्यापलीकडं न्यायला पाच महिने लागले.

पळवलं त्याच दुपारी अण्णांनी विचारलं, "राजूभाऊ, ट्रेलर किती फुटाचा?"

"चाळीस."

"आनी फाट्यावर कांद्याचा बाजार. वळंल का?"

राजूनं बोटानं जमिनीवर चौक आखून पाहिला. दुसरा कुणी असता तर वळेल म्हणाला असता, पण राजूचा सगळा दिवस त्या चौकात न वळलेले ट्रेलर सरळ करण्यात जातो. तीन रविवार नुसते वळणात गेले. पुढं उसाच्या पट्ट्यात मुक्काम पडला. उसात मुक्काम म्हणजे बिबट्याचा फासा, आणि नेमका सगळ्यात वाईट आकडा, एक, पडला. बिबट्या येऊन क्षेपणास्त्रावर बसला. मी हेलिकॉप्टरनं धूळ उडवली, कांतिशेठनी फटाके लावू का म्हणून आशेनं विचारलं. शेवटी पिंजरा लावून आम्ही वाट बघत बसलो.

"आमचा बॉम्ब हाय का लग्नाचं वऱ्हाड?" राजू वैतागून म्हणाला. पण पुढच्या रविवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना तो हजर होता.

खरा बिबट्याही आमच्याकडे काही गोष्टीतला पाहुणा नाही. म्हणून तर आम्ही भरदुपारी जमतो आणि उन्हं कलली की उठतो. फाट्यापासून येडगावपर्यंत वस्तीवरचा प्रत्येक माणूस फाटकाला कडी लावून घेतो. आणि इथं मला अण्णांचं कोडं पडायचं. जो माणूस खोट्या क्षेपणास्त्राला तीन पाळ्यांत पहारा मागतो, त्याच्या स्वतःच्या फाटकाची कडी कायम उघडी! जाताना राजू न चुकता ती लावायचा. "अण्णा, बिबट्याचा मुलूख हाय, कडी तरी लावत जावा." "ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणायचे. एकदा छत्री विसरली म्हणून मी मागं फिरलो, तर अण्णा फाटकापाशी उभे राहून राजूनं लावलेली कडी काढत होते. मला बघून ओशाळले आणि छत्री आणायला आत गेले.

आणखी तीन महिने कागदांत गेले, आणि गेल्या महिन्यात एकदाचे ते सगळे पुरे झाले. डोंगरफोड्या टेकडीवर चढला, रोख धरणाखालच्या करवतच्या ठाण्यावर लागला. ठाणं एका वाडीत होतं. राजूनं फासा मुठीत घेऊन फुंकर मारली.

"सोडू?"

"पुरवणीचं शेवटचं कलम," अण्णा म्हणाले. "टप्प्यात येनाऱ्या समद्यांची नोंदवही मोठ्यानं वाचायची. कुनाची हरकत असंल तर तितंच सांगायची. न्हाई तर सोडा." त्यांनी नोंदवही माझ्याकडं सरकवली. "मेडिकल, तुमी वाचा. माजा चष्मा आत ऱ्हायलाय."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी वाचू लागलो. अण्णांनी त्या खोट्या वाडीतलं एकेक घर मोजून नोंदवलं होतं. "घर क्रमांक एक. भिवा, मासेमारी. शेरा: उजव्या कानाने कमी ऐकतो. घर क्रमांक दोन. गंगूबाई, शेळ्या सहा. शेरा: सहावी शेळी वादातली." कांतिशेठ खुदकन हसले. राजू पाय हलवत होता. सोळा घरं झाली.

"घर क्रमांक सतरा. सुमन, वय एकावन्न. शेरा: फाटकाची कडी लावत नाही. कोणी आलं तर, म्हणते. सांगून थकलो."

मी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. चौतीस वर्षांच्या नोकरीत अण्णांनी कुठल्याही शेऱ्यात 'सांगून थकलो' लिहिलं नसणार. सुमनकाकू माझ्याकडं रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या तेव्हाही जाताना दुकानाचं दार सताड उघडं टाकायच्या, ते आठवलं.

"काय झालं? म्होरं वाचा की," राजू म्हणाला आणि त्यानं वही ओढून घेतली. अण्णा फाटकाकडं बघत होते.

मी हळूच विचारलं, "अण्णा, हे सतरा नंबरचं घर दुसऱ्या वाडीत नाही हलवता येणार?"

"नोंद झाली. खाडाखोड चालत न्हाई."

"पण ठाणं याच वाडीत कशाला आणलंत?"

"मी न्हाई आनलं. करवत कुठं शिरला त्येचा फासा तुमच्यासमोरच टाकला व्हता. नोंद त्येच्या आदीची हाय." त्यांनी खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं. "नियमात बसतंय, राजूभाऊ. टाका फासा."

ते खरंच टाकू देणार होते. एक रेघ ओढली असती तर काकू वाचल्या असत्या, पण रेकॉर्डवर रेघ ओढणं या माणसाला जमलं नसतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो.

"तुमी लगतदार हाय का?"

"माझ्या हेलिकॉप्टरची शेड त्या वाडीच्या बांधाला लागून आहे."

"उतारा?"

"आणतो. येत्या रविवारी."

अण्णांनी राजूकडं पाहिलं. आठ महिने राबला होता बिचारा. त्याचं बोट अजून वहीतल्या सतराव्या ओळीवर होतं. त्यानं मूठ उघडली आणि फासा हळूच खोक्यात ठेवला.

"माजी बी हरकत लिवा," तो म्हणाला. "पानी आपुन दुसरीकडून सोडवू. लई रस्ते हायेत."

"माझीही," कांतिशेठ म्हणाले. "आणि ते हत्यार माझ्या गोदामात ठेवा. साड्यांच्या मागे."

"सातबारा जोडा," अण्णा म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिलीनं वहीत लिहिलं, 'हरकती तीन. कार्यवाही तहकूब.' त्यांचं अक्षर रूळानं आखल्यासारखं असतं, पण ती ओळ जराशी खाली उतरली होती. मग आम्ही नको म्हणत असतानाही ते पुन्हा चहा टाकायला आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा आम्ही उठलो. सगळ्यात मागं राजू होता. सवयीनं त्याचा हात कडीवर गेला. क्षणभर तो तसाच थांबला, ओसरीकडं एकदा बघितलं, आणि फाटक नुसतं लोटून घेऊन आमच्यामागून चालू लागला.