डबा बोंबलला, हनुमान बसला

"आता माझ्या मशीनवर लोखंड जळणारच न्हाई! जळायच्या आधी डबा बोंबलंल!" असं हनुमाननं चौसाळ्याच्या हॉटेलात चारचौघांसमोर छाती ठोकून सांगितलं.

हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं स्पार्क मशीन होतं. तेलात बुडवलेल्या लोखंडावर तांब्याच्या तुकड्यातून ठिणग्या पडायच्या आणि हवा तसा साचा कोरला जायचा. पण ठिणगी ठिणगीत फरक असतो! शहाणी ठिणगी पडण्याआधी क्षणभर दम घेते. बिघडलेली ठिणगी दम न घेता एकाच जागी पडत राहते आणि साचा जाळून टाकते. हनुमानचा डबा तिथलं व्होल्टेज सारखं बघत बसायचा. ठिणग्या बिघडल्या की त्याला जोडलेला ट्रकचा हॉर्न वाजायचा. तीन महिने खपून हनुमाननं तो जुळवला होता.

खपणं भागच होतं. चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं काढली, तेवढ्यात पोरगी ऋतुजा त्याला 'मोबाइलमधले पप्पा' म्हणायला लागली. त्या शब्दानं त्याचं काळीज तुटलं आणि तो गावी परतला. आज त्याच चाकणहून एका कारखान्याच्या मोहिनी मॅडम त्याचं काम बघायला येणार होत्या. साचा पसंत पडला तर वर्षभर काम घरबसल्या. नाही तर मशीन विकून पुन्हा चाकण! बायकोनं, वनमालानं, तसं निक्षून सांगितलं होतं.

सकाळी साचा टाकीत बसवून, वर तेल भरून तो मॅडमना आणायला स्टँडवर गेला. आल्या आल्या मशीन सुरू केलं. एक मिनिट झकास गेलं, आणि...

भोंऽऽऽ!

मॅडमच्या हातातला चहा थेट साडीवर!

"काय झालं हो?"

"काय न्हाई मॅडम, डबा नवा हाय ना!" हनुमाननं टाकीत वाकून पाहिलं. वरून तेल आरशासारखं नितळ!

तेवढ्यात दारातून त्याची आई, बायनाबाई, म्हणाली, "हनुमान, मी काय म्हणते..."

"आई, आता न्हाई!"

त्यानं डब्याचं बटण पिळून आवाज बारीक केला. डबा बारीक आवाजात बोंबलायला लागला. मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. तीन महिने ज्याची फुशारकी मारली, त्यानंच ऐन वेळी अब्रू घालवावी!

"अरं, ऐक तरी..." बायनाबाई पुन्हा.

"आई, तू घरात जा बरं!"

आणि त्यानं डब्याची वायरच उपटली. शेड कसं शांत झालं!

"बघा मॅडम! एक बी वाईट ठिणगी न्हाई!"

अर्ध्या तासानं साचा वर काढला. साचा कसला, उंदरांनी कुरतडलेली भाकर! काळाठिक्कर, जागोजागी खड्डे.

"तेच सांगत हुते," बायनाबाई म्हणाली. "नव्या डब्याला नारळ फोडाय नको का? तू स्टँडवर गेलतास तवा फोडला. पाणी टाकीत सोडलं. खोबरं ठिवलंय समद्याला."

तेल वर तरंगलं होतं आणि नारळाचं पाणी खाली साच्याच्या खड्ड्यात जाऊन बसलं होतं. त्या पाण्यानंच ठिणग्या बिघडत होत्या. डबा बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता. आई पण. हनुमान मटकन खाली बसला. त्याला रडायला आलं, खोटं कशाला सांगायचं!

मॅडम मात्र डबा उघडून बघत होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "तुमच्या डब्यानं एका मिनिटात ओळखलं! आमच्याकडं हे कुणालाच जमलं नाही."

हनुमान ताडकन उभा राहिला. "मंग काम देता, मॅडम?"

"देते की! आमच्या वीस मशीनवर हेच डबे बसवायचे. सोमवारी चाकणला या."

"चाकणला? हितूनच करून पाठवतो की!"

"तसं कसं चालेल? प्रत्येक मशीनपाशी बसून जुळवावे लागतील. दोन-तीन वर्षं धरा."

डबा जिंकला होता, हनुमान हरला होता. त्यानं आशेनं शेडमागच्या घरात वनमालाकडं पाहिलं. तिनं माळ्यावरची बॅग काढून झटकायला घेतली होती!

गाडीत बसता बसता मॅडमनी काच खाली केली. "आणि हो, तिथं डब्याला वायरसकट कुलूप राहील. किल्ली तुमच्याकडं नाही द्यायची, हे मी आत्ताच सांगून ठेवते!"