बेण्याचा पाळणा

किसनमामाजी आलूंना पाळण्यात घालून झोके देववीत. लग्न होऊन अनसिंगला आले त्याच आठवड्यात मी हे भिंतीवरून पाहिले आणि तोंडात पदर कोंबून हसले.

ते आमचे शेजारी; सासरच्या वडीलधाऱ्यांना आमच्याकडे मामाजी, आत्याबाई म्हणतात. लढाईच्या त्या दिवसांत विहिरीजवळच्या तुकड्यात ते आलू लावत. वाण एकच, गुलाबी सालीचा. डोळे खोल, कितीही शिजवला तरी फुटत नसे. लावणीसाठी बेणे कापताना प्रत्येक फोडीला दोन डोळे हवेत. चुकून एकच राहिला, तर फोड हातावर घेऊन म्हणत, "एका डोयाची तू, तुले कोन पुसते आता?" मग तीही राखेत घोळवून वरंब्याच्या टोकाला लावत. टाकत मात्र नसत. बाजारातल्या पांढऱ्या आलूंचे नाव काढले की, "पानचट," एवढेच म्हणत.

फाल्गुनात काढलेले बेणे कार्तिकापर्यंत टिकवायचे, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा काढायचा. म्हणून पाळणा. वारा लागतो, उंदीर चढत नाहीत, इथवर कोणालाही पटे. पण मामाजी सांगत, "या वानाले झोका लागते. नाही त डोये उघडत नाही."

झोके द्यायचे काम त्यांच्या बायकोचे, काशीआत्याबाईंचे. दुपारभर त्या दोरी ओढत बसत. बोलत कोणाशी नसत.

"मामाजी, बारसं कवा?" रस्त्याने जाणारा एखादा विचारी.

"तू आत्या होत अशीन, त आजच करू."

एका वैशाखात सगळे बेणे नासले. वास आमच्या चुलीपर्यंत आला. मामाजींनी ते उकिरड्यावर नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी पदर ओढून दाराआड झाले.

"सूनबाई, घरात आलू हायत का?"

"एकादशीसाठी आनले हायत. पन बजारातले, पांढरे."

"असू दे."

"त्याचं बेनं होईन?"

"नाही होत." मग उंबऱ्याकडे पाहत ते म्हणाले, "पायन्यातली पोरगी गेली तवापासून तुह्या आत्याबाईचा हात त्या दोरीवरच असते. रिकामा पायना हलवला का बाया अपशकुन म्हनतात, तिले बोलतात. बेनं असलं म्हंजे कोनी काही म्हनत नाही."

मी टोपली त्यांच्या उपरण्यात रिकामी केली.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "हे पाह्य, नवा वान आनला. याले जोरात नाही, लई हयू झोका लागते."

एकादशीला सासूबाईंनी विचारले, "आलू कुठी गेले वं?"

"नासले," मी म्हटले.

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले आणि भगर निवडायला घेतली. पलीकडे पाळण्याची कडी कुरकुरत होती.