लेन सोडलेला घोडा

"ती शिट्टी तरी काढून ठेवा," बायको दारातून म्हणाली. "व्याह्यांबरोबर रेसला चाललाय, शाळेच्या मैदानावर नाही."

"असू दे, शर्टाच्या आत आहे," म्हणत मास्तर घाईघाईनं गाडीत बसले. मुलांना खेळ शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. गळ्यात शिट्टी नसली की त्यांना उघड्या अंगानं बाहेर पडल्यासारखं वाटायचं. पत्त्यांनासुद्धा कधी हात लावलेला नाही, तिथं घोड्यांवर पैसे लावणं दूरच. पण लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, तिचा सासरा स्वतः गाडी घेऊन दारात आलेला. नाही म्हणायचं कसं? लेक सुखात राहणार असेल तर बापाचं एक दिवस घोडे बघायला काय जातंय?

व्याही बांधकामाचे ठेकेदार. रेसच्या मैदानात त्यांना सगळे ओळखत होते. जो भेटेल त्याच्या खांद्यावर हात टाकून ते सांगत होते, "डोळे मिटून पाच नंबर लावा. घरचाच घोडा समजा." पैसे लावायच्या खिडकीशी त्यांनी मास्तरांनाही पुढं ढकललं. औषधाच्या दुकानात नको ते मागावं तसं मास्तर खालच्या आवाजात पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," खिडकीतला माणूस म्हणाला.

"पाच नंबर," मास्तर ओरडले आणि रांगेतली सगळी डोकी वळली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्यत सुटली. पाच नंबर बाहेरच्या अंगाला होता. प्रेक्षकांच्या स्टँडसमोर येईपर्यंत त्यानं सगळ्यांना मागं टाकलं आणि तो थेट आतल्या कठड्याकडे घुसला. लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. मास्तरांचा मात्र जीव वरखाली झाला. लेन सोडली की यानं! या गुन्ह्यासाठी त्यांनी मुख्याध्यापकांच्या मुलालाही शर्यतीतून बाहेर काढलं होतं. मग आपण पैसे लावलेत म्हणून इथं डोळेझाक करायची? हात शर्टात कधी गेला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शिट्टी वाजली.

बाकीच्या घोड्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाच नंबर तेवढा थबकला, त्यानं कान टवकारले आणि गुणी मुलासारखा उभा राहिला. मास्तरांच्या पहिल्याच शिट्टीला थांबलेला हा इतक्या वर्षांतला पहिला विद्यार्थी. आठ नंबर जिंकला.

"सकाळच्या सरावात त्याला शिट्टीवर थांबवतात हो," शेजारचा माणूस कपाळाला हात लावून म्हणाला. "कुणा गाढवानं वाजवली?"

"सापडू दे, तंगडंच मोडतो त्याचं," व्याही गरजले.

मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सगळ्यांबरोबर तेही इकडंतिकडं बघायला लागले. स्वतःलाच शोधताना त्यांना दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात लोकांना फाटकावरचा रखवालदार दिसला. त्याच्या खांद्याला शिट्टी लटकत होती. मग काय, दोघातिघांनी त्याला धरूनच आणलं.

"मी नाही वाजवली साहेब," तो काकुळतीला आला. "नोकरी जाईल माझी."

"जायलाच पाहिजे," व्याही म्हणाले. "बोलवा याच्या साहेबांना."

मास्तर पेचात पडले. बोलावं तर लेकीला जन्मभर टोमणे, न बोलावं तर या गरिबाच्या पोटावर पाय. रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या आपल्या तोंडाची त्यांना लाज वाटली.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "शिट्टी मी वाजवली."

व्याह्यांनी आ वासला. "तुम्ही? का?"

"त्यानं लेन सोडली होती."

कुणाला काही कळेना. मग एकजण फिसकन हसला, आणि बघता बघता सगळा स्टँड हसायला लागला. त्यापेक्षा मार परवडला असता. रखवालदार मात्र हसला नाही. त्यानं पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो साहेब," तो म्हणाला. तेवढ्या एका वाक्यानं मास्तरांची मान जराशी वर आली.

व्याह्यांनी त्यांना दंडाला धरून खांबाआड नेलं. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. पण हातात एक तिकीट आलं. आठ नंबरचं.

"हे काय? तुम्ही तर पाच नंबर..."

"हळू बोला. सगळ्यांनी पाचवर लावले की आठवाल्याला जास्त पैसे मिळतात. आता मी खिडकीवर गेलो तर हीच माणसं मला फाडून खातील. तुम्ही जाऊन घेऊन या."

"मी? अहो, आत्ताच सगळ्यांसमोर मी..."

"लेकीच्या सासऱ्याचं एवढं काम नाही करणार, मास्तर?"

मास्तर रांगेत उभे राहिले. जिंकणारे थोडेच होते, त्यामुळं लपायलाही जागा नव्हती. मान खाली घालून त्यांनी तिकीट आत सरकवलं, नोटा घेतल्या आणि वळले, तर समोर रखवालदार. त्यानं नोटा पाहिल्या, निकालाच्या फळ्यावर लागलेला आठाचा आकडा पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण सांगणार काय? व्याह्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती. त्यांनी नोटा खिशात कोंबल्या.

रखवालदार जवळ सरकला आणि अगदी आदरानं, हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी वाजवायच्या आधी मलाही सांगा."