बंद लिफ्टचा चिरस्थायी प्रभाव

सरकारी वसाहतीतील त्या इमारतीची लिफ्ट अकरा वर्षांपासून बंद होती, आणि ही बाब इतकी सर्वमान्य झाली होती, की नव्या भाडेकरूंना ती पाण्याच्या वेळेबरोबरच सांगितली जात असे. सहाव्या मजल्यावरच्या आईंचे गुडघे लिफ्टच्या पाठोपाठ निकामी झाले. गेली चार वर्षे त्यांच्या पायांना जमीन लागली नव्हती. समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर, त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. दोघी रोज सकाळी खिडकीतून एकमेकींना हात दाखवीत. अलीकडे मात्र थोरलीचा हात जेमतेम पडद्यापर्यंत पोचे. एकदा तिच्या उशाशी बसावे, एवढीच आईंची इच्छा उरली होती.

आईंचा मुलगा लहानपणापासून इतक्या वेगाने बोले, की मास्तरांनी त्याला तडतड्या हे नाव बहाल केले. पुढे हाच दोष कला ठरला आणि तो रॅपर झाला. दिवसा तो घरोघरी पाण्याचे जार पोचवी, आणि जिना चढता चढता पायऱ्यांच्या ठेक्यावर गाणी रची. त्यांतले एक असे होते:

‘लिफ्ट बंद, फोन बंद, साहेबांचं दार बंद,
पायऱ्यांवर आई माझी, श्वास तिचा मंद मंद!’

सव्विसाव्या वर्षी त्याला ताप भरला. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकले. प्राण मात्र अडकला नाही.

त्याच्या निधनानंतर समाजाला त्याची थोरवी कळली. लग्नाच्या वरातींत, व्यायामशाळांत, शाळेच्या संमेलनांत तेच गाणे वाजू लागले. वसाहतीच्या तक्रार कक्षाने तर फोनवर ताटकळणाऱ्यांना ऐकवण्यासाठी तेच निवडले. आई लिफ्टची तक्रार करायला फोन लावीत आणि कानाशी लेकाचा आवाज येई. त्या गाणे शेवटपर्यंत ऐकत, डोळे पुशीत आणि फोन ठेवून देत. तक्रार राहून जाई.

अखेर एका साहेबांना लाज वाटली व एक मिस्त्री दाखल झाला.

“काकू, दोन तासांचं काम आहे,” तो जिना चढून धापा टाकत म्हणाला. “संध्याकाळी खाली याल.”

आईंनी ठेवणीतले लुगडे काढले. चार वाजता मिस्त्रीऐवजी स्मारक विभागाचे अव्वल कारकून आले.

“अभिनंदन, मातोश्री! आपली लिफ्ट स्मारक म्हणून घोषित झाली आहे. मिस्त्रीला वेळीच थांबवलं, नाहीतर अनर्थ झाला असता.”

“अहो, पण चालू करा की ती!”

“चालू?” कारकुनांचा चेहरा पडला. “लिफ्ट चालू झाली तर गाणं खोटं ठरेल. दिवंगत कलावंताला खोटं पाडण्याचा अधिकार आम्हांला नाही.”

“त्याने ती चालू व्हावी म्हणूनच गाणं केलं होतं, बाबा.”

“तसा लेखी उल्लेख आढळत नाही.” त्यांनी एक तक्ता पुढे केला. “समाजावरील प्रभाव आम्ही मोजला आहे. गाणं तोंडपाठ असणारे नऊ लाख. त्यामुळे दुरुस्त झालेल्या लिफ्टा शून्य. म्हणजे प्रभाव निव्वळ कलात्मक आहे. अत्यंत दुर्मीळ श्रेणी!”

“मग मला उचलून तरी न्या. माझी ताई समोर...”

“रविवारी खाली लोकार्पण आहे. आपली उपस्थिती अनिवार्य आहे.”

“तेच म्हणते मी! न्या मला.”

“उपस्थितीची तरतूद आहे, मातोश्री. आणण्याची नाही.”

रविवारी प्रांगणात मुंगी शिरायला जागा उरली नाही. लिफ्टचे दार काचेने मढवले होते. आईंची अनुपस्थिती नियमात बसेना, म्हणून पहिल्या रांगेत एका खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवण्यात आली. तिला हार घालताना कोणालाही वावगे वाटले नाही. साहेब म्हणाले, “या गाण्याने आपल्याला जागं केलं!” आणि हजारो कंठ गर्जले, “लिफ्ट बंद, फोन बंद!”

आई सहाव्या मजल्याच्या खिडकीत उभ्या होत्या. समोरचा पडदा सकाळपासून हलला नव्हता. त्यांनी गज घट्ट धरले आणि उरलासुरला श्वास एकवटून हाक मारली, “अरे लेकरांनो, चौघं जण वर या! मला खाली न्या!”

माना वर वळल्या. मग कोणीतरी टाळीचा ठेका धरला.

“चौघं जण वर या!”

“मला खाली न्या!”

प्रांगण दुमदुमले. आई जितक्या कळवळून ओरडत, तितका ठेका पक्का होई. हजारो मोबाइल वर उचलले गेले. जिन्याकडे एकही पाऊल वळले नाही. अंधारू लागल्यावर गर्दी पांगली आणि मग समोरच्या दारापुढे शेजारीपाजारी हलक्या आवाजात गोळा होऊ लागले. गजांना टेकून खाली पाहणाऱ्या आईंना कोणी काही सांगण्याची गरज उरली नाही.

त्या दिवसाचा व्हिडिओ आपल्याकडेही आला असेलच. पाहून आपणही डोळे पुसले होते, आणि आपण तो लगोलग चौघांना पाठवला होता.