स्वल्पविरामवाले सर

ग्रंथालयाच्या संगणकखोलीत वाद चालला होता तो दोन तक्ते जोडण्याचा. एक तक्ता वाचकांचा, दुसरा मुदत संपलेल्या पुस्तकांचा. कोणाकडे काय अडकलंय ते काढून ज्याला त्याला आठवणीचा मेसेज पाठवायचा होता.

"सर, जॉइन लिहू या ना," नवी प्रोग्रॅमर म्हणाली. "काय कशाशी जुळवायचं ते तिथल्या तिथं 'ऑन' या शब्दापुढे लिहावं लागतं. विसरलं तर मशीनच अडवतं."

"विसरायला मी काय दूधखुळा आहे?" सर म्हणाले. "दोन तक्त्यांची नावं, मध्ये स्वल्पविराम, सगळ्या अटी खाली 'वेअर'च्या ओळीत. वीस वर्षं हेच करतोय!"

आणि त्याच तोऱ्यात तारखेची अट बदलता बदलता त्यांनी कुठलं पुस्तक कुठल्या वाचकाकडे ही जुळणीची अटच पुसली आणि बटण दाबलं. मशीननं निमूटपणे प्रत्येक वाचकाला प्रत्येक पुस्तक चिकटवलं आणि तसे मेसेजही धाडले.

तासाभरात काउंटरपुढे ही गर्दी! निवृत्त मुख्याध्यापिका कडाडल्या, "'मूळव्याधीवर मात' मी कधी नेलं हो?" एका गृहस्थांना तर बायकोच दंडाला धरून घेऊन आली होती. "'दुसरं लग्न करण्यापूर्वी' कशाला वाचताय, ते सांगा आधी!"

ग्रंथपालबाई तडक नव्या मुलीवर घसरल्या. "येऊन चार दिवस झाले नाहीत आणि हा गोंधळ! उद्यापासून येऊ नकोस."

मुलगी सरांकडे बघत राहिली, सर छताच्या पंख्याकडे. अर्धं मिनिट ते गप्प बसले, आणि त्या अर्ध्या मिनिटाची त्यांना चुकीपेक्षाही जास्त लाज वाटली.

"बाई, चूक माझी आहे."

"राहू द्या हो सर, पोरीला पाठीशी घालताय. केवढं मोठं मन!"

"अहो, शपथेवर सांगतो..."

"बघा, शपथसुद्धा!" बाईंचे डोळे पाणावले. मुख्याध्यापिकांनीही कौतुकानं मान डोलावली. सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी ते खुर्चीत बसले. "हे बघा, मघाशी मी असं लिहिलं. नाव, स्वल्पविराम, नाव. जुळणीची अट गायब. आणि मग हे असं..."

सवयीनं बटण दाबलं गेलं.

काउंटरपुढच्या साऱ्या खिशांत, साऱ्या पर्समध्ये एकदम मोबाइल वाजू लागले, आणि वाजतच राहिले. बाईंनी आपल्या मोबाइलकडे पाहिलं, मग सरांकडे. मोठ्या मनाचा विषय तिथंच संपला.

"तू ये गं उद्या," त्या मुलीला म्हणाल्या.

सरांचे कान तापले होते. मान वर न करता त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, "बस. ते जॉइन कसं लिहायचं म्हणालीस?"